अतिरिक्त ऋतुस्राव आणि मुलींचा व्यायाम

व्यायामाचा तास सुरू होण्यापूर्वीं वर्गशिक्षिकेच्या टेबलावर तीन-चार चिठ्ठ्या येऊन पडतात. मजकूर बहुधा एकाच सांच्याचा असतो. प्रकृति बरी नसल्यामुळें मुलीला आज खेळाच्या तासाला बसण्याची परवानगी असावी, आणि खालीं आईची सही. वाचणारीस अर्थ कळतो, लिहिणारीनेंही तो कळावा म्हणूनच लिहिलेलें असतें, आणि मुलगी मैदानाच्या कडेला निंबाखालीं जाऊन बसते. ह्या व्यवस्थेंत कोणाचाच तोटा नाहीं असें सर्वांस वाटतें. माझें मत निराळें आहे. एखाद्या महिन्यांत एखाद्या दिवशीं मुलगी बसली तर त्यांत कांहींच बिघडत नाहीं; परंतु तीच मुलगी दर महिन्यास चार-चार, आठ-आठ दिवस बसूं लागली, तर ती चिठ्ठी परवानगीचा अर्ज राहत नाहीं; ती एका दुखण्याची खबर असते, आणि आपण ती वाचून फाइलींत लावून टाकतों. अठ्ठावीस दिवसांपैकीं आठ दिवस मैदानाबाहेर गेले, म्हणजे मुलीचा पाव भागाहून अधिक व्यायाम गेला, आणि दुखणें जेथल्या तेथेंच राहिलें.

हा लेख मातांसाठीं आहे, तसाच वडिलांसाठीं व वरच्या इयत्तांतील मुलग्यांसाठींही आहे. शरीरशास्त्राचा हा धडा घरीं वाचून या, असें सांगून पुढच्या पाठाकडे वळण्याची जी शिक्षकांची चाल आहे ती मला पसंत नाहीं. घरांतील औषधपाण्याचे पैसे ज्यांच्या खिशांतून जातात त्यांना हा विषय कळूं नये, ह्यांत मर्यादेचें रक्षण होतें असें मला वाटत नाहीं.

पाळीच्या दिवसांत स्त्रीनें हालचाल करूं नये, हें मत केवळ आपल्या आजीबाईंचें आहे असें कोणी समजूं नये. १८७३ सालीं अमेरिकेंत बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनीं एक पुस्तक लिहून असें प्रतिपादन केलें कीं, वाढत्या वयाच्या मुलींनीं मुलग्यांच्या बरोबरीनें अभ्यासाचे श्रम केले तर त्यांच्या प्रकृतीची कायमची हानि होते. पाळीच्या वेळीं तर त्यांस विश्रांतिच दिली पाहिजे. पुस्तकाचा मोठा गाजावाजा झाला. त्यास खरें उत्तर दिलें तें डॉक्टर मेरी पुटनम जाकोबी ह्या बाईंनीं. त्यांनीं वादावादी न करितां स्त्रियांकडे प्रश्न लिहून पाठविले, २६८ जणींचीं उत्तरें मिळविलीं, कांहींच्या नाडीचीं व स्नायुबलाचीं मोजमापें घेतलीं, आणि निरोगी स्त्रीस पाळीमुळें काम थांबविण्याचें कारण दिसत नाहीं असा निष्कर्ष मांडिला. ह्या निबंधास १८७६ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचें बॉइल्स्टन पारितोषिक मिळालें. क्लार्कसाहेब अध्यापक होते तेंही हार्वर्डच! जाकोबीबाई फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक विद्यालयांतून १८६४ सालीं उत्तीर्ण झाल्या, त्याच विद्यालयांतून १८८६ सालीं आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

तथापि जाकोबीबाईंच्या निष्कर्षांत ‘निरोगी’ हा शब्द आहे, आणि आपली सारी अडचण त्याच शब्दापाशीं आहे. निरोगी मुलीस विश्रांतीची सक्ति नको, हें ठरलें. पण जिला अतिरिक्त स्राव होतो तिचें काय? तिलाही केवळ विश्रांति देऊन भागत नाहीं, कारण निंबाखालीं बसल्यानें एक थेंबही रक्त कमी जात नाहीं. तिला विश्रांतीहून निराळ्या गोष्टींची गरज आहे: कोणी तरी विचारणें, रक्त तपासणें, आणि उपचार.

मग अतिरिक्त म्हणजे किती? सर्वसाधारण पाळींत एकंदर ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातें, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलीटरांहून अधिक गेल्यास तें अतिरिक्त, अशी वैद्यांची जुनी व्याख्या होती. आतां ते आंकड्यावर तितकेसे अडून बसत नाहींत. स्रावामुळें मुलीच्या नित्याच्या व्यवहारांत अडथळा येत असेल, तर तो अतिरिक्तच मानावा असें म्हणतात. घरांत ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. दोन तासांच्या आंत पॅड किंवा कापडाची घडी पूर्ण भिजणें, रात्रीं उठून बदलावें लागणें, एकावर एक दोन घड्या घ्याव्या लागणें, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गांठी पडणें, सात दिवसांहून अधिक दिवस स्राव चालणें. ज्यांना आंकडेच हवे असतील त्यांच्यासाठीं १९९० सालीं इंग्लंडांत एक युक्ति निघाली. पॅडला नुसता डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजलें असेल तर ५, पूर्ण भिजलें असेल तर २०. गांठींस लहान-मोठ्या मानानें १ किंवा ५. एका पाळींतील बेरीज १०० च्या पुढें गेली, तर स्राव बहुधा जास्त समजावा. पॅड लहान-मोठीं असतात, म्हणून हा हिशेब ढोबळच. परंतु दोन-तीन महिन्यांची अशी टिपणवही डॉक्टरांपुढें ठेविली, तर ‘फार जातें हो’ ह्या शब्दांपेक्षां तिचा उपयोग कितीतरी अधिक होतो. माझ्या विद्यार्थिनींनो, गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही नाहीं त्या गोष्टी लिहितां. त्यांत हीही लिहा.

पाळी नवीन सुरू झाल्यावर पहिलीं दोन-तीन वर्षें ती अनियमित असणें, क्वचित् स्राव जास्त होणें, हें पुष्कळदां आढळतें. बीजकोशांचें काम अद्याप नीट बसलेलें नसतें व पुढें तें आपोआप बसतें. ह्या कारणास्तव माता सांगतात, “होईल हळूहळू बरें.” बहुतेकींचें होतेंही. परंतु ह्यापेक्षां निराळें एक वाक्य मीं वारंवार ऐकलें आहे, आणि त्याची मला खरी भीति वाटते. “आमच्या घरांत सगळ्यांनाच असें होतें. मला होत होतें, माझ्या आईला होत होतें.” हें वाक्य धीर देण्यासाठीं बोललें जातें, पण डॉक्टरांच्या कानाला तें सावधगिरीची घंटा वाटतें.

तें कां, हें एका जुन्या हकीकतीवरून समजेल. फिनलंड देशाच्या ओलांड बेटांवरील एका कुटुंबांतील पांच वर्षांच्या मुलीला १९२४ सालीं एरिक फॉन विलेब्रांड नांवाच्या डॉक्टरांनीं तपासलें. तिच्या व तिच्या भावंडांच्या अंगांतून लहानसहान कारणानें रक्त वाहत असे व तें लवकर थांबत नसे; तिच्या कांहीं बहिणी रक्तस्रावानेंच गेल्या होत्या. रक्त गोठण्यांतील हा आनुवंशिक दोष डॉक्टरांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केला आणि आज त्यास त्यांचेंच नांव आहे. ती मुलगी तेराव्या वर्षीं मरण पावली, आपल्या चौथ्या पाळीच्या रक्तस्रावानें. इतका उग्र प्रकार विरळा आहे. परंतु त्याच दोषाचा सौम्य प्रकार मुळींच विरळा नाहीं. अतिरिक्त स्रावासाठीं तज्ज्ञांकडे गेलेल्या किशोरवयीन मुलींची नीट तपासणी केली असतां, कांहीं ठिकाणीं पांचांत एकीला रक्त गोठण्याचा कोणता ना कोणता दोष आढळला आहे. घरांतील सर्व स्त्रियांना ‘असेंच होतें’ ह्याचा अर्थ पुष्कळदां हा असतो कीं, दोष आईकडून किंवा वडिलांकडून पिढीजात उतरला आहे आणि तुलनेसाठीं घरांत निरोगी स्त्रीच उरलेली नाहीं. म्हणून मुलीस आणखी विचारावें: घोळणा फुटला तर दहा मिनिटांहून अधिक वाहतो काय? दांत काढल्यावर रक्त थांबलें नव्हतें काय? न आपटतां अंगावर काळेनिळे डाग उठतात काय? ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर होय असें आलें, तर तें डॉक्टरांस सांगावें.

आतां लोहाचा हिशेब. एका मिलिलीटर रक्तांत सुमारें अर्धा मिलिग्राम लोह असतें. त्यामुळें ४० मिलिलीटर गेलें तर २० मिलिग्राम लोह जातें, १०० गेलें तर ५०. इतर मार्गांनीं शरीर रोज सुमारें एक मिलिग्राम, म्हणजे महिन्याकांठीं ३०, गमावतेंच. साध्या पाळीच्या मुलीस महिन्याला ५० मिलिग्राम भरून काढावें लागतें, तर अतिरिक्त स्रावाच्या मुलीस ८०; रोजच्या हिशेबानें पावणेदोन विरुद्ध पावणेतीन. आणि सामान्य जेवणांतून रोज अंगीं लागतें तें एक-दोन मिलिग्राम! वाढीच्या वयांत शरीराला नवें रक्त व नवे स्नायु घडविण्यासाठीं लागणारें लोह ह्यांत धरलेलेंच नाहीं. तूट पहिल्यानें सांठ्यांतून भागविली जाते. तोंपर्यंत हिमोग्लोबिन ठीक दिसतें, पण मुलगी थकलेली असते, तिचें लक्ष लागत नाहीं, जिना चढतां तिला धाप लागते. म्हणून नुसतें हिमोग्लोबिन न पाहतां फेरिटिन, म्हणजे लोहाचा सांठा, ही तपासणीही करावी काय, हें डॉक्टरांस विचारावें. १०० मिलिलीटर रक्तांत १२ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास मुलीला पंडुरोग आहे असें मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या भारतीय मुलींपैकीं १०० त ५९ जणी ह्या रेषेखालीं होत्या. सर्वांचें कारण पाळी नव्हे. अपुरें अन्न व जंतही आहेत. तरी वर्गांत जांभया देणाऱ्या मुलीस आळशी म्हणण्यापूर्वीं शिक्षकांनीं हा आंकडा आठवावा.

व्यायामानें स्राव वाढतो ही समजूत कोठून आली हें शोधण्यासारखें आहे. मुलगी तासभर बसून किंवा निजून असते तेव्हां रक्त आंत सांठतें. ती उठून उभी राहिली कीं तें एकदम बाहेर येतें. बघणारीला वाटतें, हालचाल केली म्हणून इतकें गेलें. वस्तुतः तें आधींच गेलेलें असतें. व्यायामानें एकंदर स्राव धोकादायक रीतीनें वाढतो असा पुरावा नाहीं. उलट आठवड्यांतून तीन वेळां पाऊण ते एक तास नियमित व्यायाम करणाऱ्या मुलींच्या पोटदुखींत उतार पडतो असें वैद्यकीय प्रयोगांतून दिसून आलें आहे. लंडन येथील २०१५ च्या मॅरेथॉन शर्यतींतील धावणाऱ्या स्त्रियांस विचारलें असतां, एक तृतीयांशाहून अधिक जणींनीं आपणांस अतिरिक्त स्राव होतो असें सांगितलें. त्या बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या होत्या! ह्यावरून दोन गोष्टी निघतात. हा त्रास असतां मेहनतीचे खेळ खेळतां येतात, ही एक; आणि उत्तम खेळाडूही वैद्याकडे न जातां तो निमूटपणें सोसतात, ही दुसरी, कारण त्यांपैकीं फारच थोड्या जणींनीं वैद्यकीय सल्ला घेतला होता.

पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत ७ ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या मीराबाई चानू यांनीं ४९ किलो गटांत एकूण १९९ किलो वजन उचललें व अवघ्या एक किलोनें त्यांचें पदक हुकलें. सामन्यानंतर त्यांनीं वार्ताहरांस उघडपणें सांगितलें कीं, तो आपल्या पाळीचा तिसरा दिवस होता व अंगांत थोडी अशक्तता वाटत होती. ह्या बोलण्याची कांहीं लोकांनीं सबब म्हणून संभावना केली, तें मला आवडलें नाहीं. ज्या स्त्रीनें तशा दिवशींही स्वतःच्या वजनाच्या चौपट भार दोन उचलींत मिळून पेलला, तिला सबबीची गरज काय? मात्र ‘पाहा, ती खेळली, मग तुला काय होतें’ असें म्हणून एखाद्या पांढऱ्याफटक मुलीला पळावयास लावणें हेंही तितकेंच चुकीचें होय. रक्त कमी झालेल्या मुलीनें लोह भरून येईपर्यंत जोराची शर्यत करूं नये. तिनें चालावें, हातपाय ताणण्याचे व्यायाम करावेत, सावकाश लेझीम खेळावें, आणि धाप लागली कीं थांबावें. थांबण्याचा अधिकार तिच्या स्वतःकडे असावा, शिट्टी वाजविणाऱ्याकडे नसावा.

आमच्या शाळेंत सर्व धर्मांच्या मुली आहेत आणि ‘विटाळ’ हा शब्द त्यांतील पुष्कळींच्या घरांत अद्याप ऐकूं येतो. ख्रिस्ती घरांत तो नाहीं असें आम्ही म्हणतों, पण लाज आमच्याकडेही तितकीच आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडिलेल्या स्त्रीची कथा आहे. तिनें पुष्कळ वैद्य केले, जवळचें सारें द्रव्य खर्चिलें, आणि दुखणें वाढलेंच. नियमशास्त्राप्रमाणें ती अशुद्ध, म्हणून गर्दींतून मागून येऊन तिनें नकळत प्रभूच्या वस्त्रास स्पर्श केला. प्रभु तेव्हां याईराच्या मरणोन्मुख कन्येकडे घाईनें निघाले होते. तरी ते थांबले, कोणी स्पर्श केला म्हणून त्यांनीं विचारलें, तिची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि तिला मुलगी म्हणून संबोधिलें. पुढें याईराच्या घरीं ती कन्या उठून चालूं लागली. तिचें वय बारा वर्षांचें होतें असें मार्क मुद्दाम सांगतो. आणि तिला कांहीं खावयास द्या, अशी प्रभूनें आज्ञा केली. बारा वर्षांच्या मुलींना शिकविणाऱ्या मला ही आज्ञा फार जवळची वाटते.

खाण्याविषयीं म्हणूनच थोडें. मटण, कलेजी, मासे ह्यांतील लोह अंगीं लवकर लागतें. शाकाहारी घरांत अळीव, बाजरी, कडधान्यें, हिरव्या पालेभाज्या ह्यांवर लिंबू पिळावें, किंवा जेवणाबरोबर पेरू अथवा आंवळा द्यावा. आंबट फळांनीं लोह शोषण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोहाला अडवून धरतो. गुळाच्या खड्यानें रक्त वाढतें ही समजूत गोड आहे, एवढेंच. शाळांतून दर आठवड्यास जी निळी गोळी मिळते तींत ६० मिलिग्राम लोह असतें. ती पोटांत मळमळतें म्हणून बाकाखालीं टाकण्यासाठीं नसते, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. पण ती प्रतिबंधासाठीं आहे. ज्या मुलीचें रक्त आधींच कमी झालें तिला डॉक्टर रोजची मात्रा देतात, आणि हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही सांठा भरण्यासाठीं ती सुमारें तीन महिने चालवितात.

स्राव स्वतः कमी करण्याचींही औषधें आहेत, हें पुष्कळ मातांस ठाऊकच नसतें. जपानच्या उताको ओकामोतो ह्या शास्त्रज्ञ बाईंनीं आपल्या पतीसह शोधलेलें व १९६२ सालीं प्रसिद्ध झालेलें ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हें औषध फक्त पाळीच्या दिवसांत घ्यावयाचें असतें व त्यानें स्राव बराच कमी होतो. मेफेनॅमिक ॲसिड वेदना व स्राव दोन्ही उतरवितें; मात्र रक्त गोठण्याचा दोष असल्यास असल्या वेदनाशामक गोळ्या घातक ठरूं शकतात, म्हणून दुकानांतून आपल्या मनानें आणूं नयेत. कधीं थायरॉइडची ग्रंथि बिघडलेली असते, कधीं हार्मोनच्या गोळ्या द्याव्या लागतात. ‘हार्मोन’ म्हटल्याबरोबर पालक दचकतात, लग्नाची काळजी करितात. त्यांनीं आपली शंका डॉक्टरांसच विचारावी, शेजारणीस नव्हे. तासातासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, छातींत धडधडत असेल, तर मात्र वाट न पाहतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

राहिली शाळेची बाजू. माझी सूचना अशी कीं, पहिली चिठ्ठी कोणतीही चौकशी न करितां मान्य करावी; लागोपाठ दोन महिने आली, तर शिक्षिकेनें मुलीस एकांतांत चार प्रश्न विचारावेत व आईस भेटीस बोलवावें. खेळाच्या तासाच्या आधीं व नंतर पांच मिनिटें मोकळीं ठेवावींत, म्हणजे घडी बदलून येतां येईल. मुलींच्या स्वच्छतागृहांत पाणी, आंतून लागणारी कडी व झांकणाची टोपली असावी. ह्या तिन्ही गोष्टी असतील तर अर्ध्या चिठ्ठ्या आपोआप बंद होतील असा माझा अंदाज आहे.

आणि शनिवारचा पांढरा गणवेश. मुलगी निंबाखालीं बसते ती पुष्कळदां दुखतें म्हणून नव्हे, तर पांढऱ्या घागऱ्यावर डाग दिसेल ह्या धास्तीनें बसते. विंबल्डनची टेनिस संस्था शुभ्र पोशाखाविषयीं जगांत सर्वांत हट्टी. तिनेंही २०२३ पासून स्त्रियांस गडद रंगाची आंतली चड्डी घालण्याची मुभा दिली. त्याच वर्षीं इंग्लंडच्या स्त्रियांच्या फुटबॉल संघानें पांढरी चड्डी सोडून निळी घेतली. आपणही मुलींसाठीं गडद निळी विजार ठरवूं या. पुढील वर्षाच्या गणवेशाचें कापड मे महिन्यांत खरेदी होतें. तेव्हां पालक-शिक्षक सभेंत हा विषय मार्च संपण्यापूर्वीं यावा, आणि त्या सभेस वडिलांनींही अवश्य यावें.